‘वय झालं’ म्हणण्याआधी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मेंदूच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की संयोजक हळूच सांगतात, ‘जरा सोपं बोला, श्रोते बहुतेक ज्येष्ठ असतात.’ या वेळीही सांगितलं. मला उलट बरं वाटलं, कारण आजचा विषय ज्येष्ठांशिवाय मांडताच येत नाही. आजारी ज्येष्ठ तर हवेतच, पण धडधाकट ज्येष्ठ त्याहून जास्त हवेत. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, अगदी सुरुवातीला कसा असतो हे कळायचं तर त्या रुग्णाच्या शेजारी त्याच वयाचा, तो आजार नसलेला माणूस उभा करावा लागतो आणि दोघांकडे आळीपाळीने पाहावं लागतं. ऐकायला हे सोपं आहे. करायला गेलं की त्यात इतक्या खाचाखोचा निघतात की तासभर त्यांच्यावरच बोलता येईल. मी तेच करणार आहे.

घरोघरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आबा हल्ली जेवायला फार वेळ लावतात. वय झालं. आईचा आवाज फोनवर ऐकूच येत नाही. वय झालं. पेन्शनच्या बँकेत सही जुळली नाही म्हणून चेक परत आला. वय झालं. खांदा आखडला, डावा हात वर जात नाही, तेल लावा, शेक द्या, वय झालं. एवढं म्हटलं की घरातल्या सगळ्यांची सुटका होते, आबांचीही होते. दुसऱ्या टोकाला असाही एक वर्ग आहे की चहाचा कप धरताना हात जरा थरथरला की रात्री मोबाइलवर वाचून सकाळी माझ्याकडे हजर. त्यातल्या बहुतेकांना कंपवात नसतो. कप धरताना, सही करताना, म्हणजे काम करताना हात थरथरणं हे बहुधा वेगळंच दुखणं असतं. कंपवाताचा कंप हात मांडीवर निवांत पडलेला असताना येतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि हात कामाला लागला की बरेचदा थांबतो. शिवाय निदानाच्या वेळी कंप अजिबात नसलेले रुग्णही भरपूर असतात. ढोबळ हिशेबाने दहांत तीन. त्यामुळे थरथर आहे म्हणून घाबरणं आणि थरथर नाही म्हणून निर्धास्त राहणं, दोन्ही चूक.

या आजाराची नोंद पहिल्यांदा नीट केली ती जेम्स पार्किन्सन यांनी. लंडनच्या हॉक्स्टन भागातले हे डॉक्टर. माणूस हरहुन्नरी. जीवाश्म गोळा करायचे, लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना सरकारविरोधी पत्रकांच्या भानगडीत राजाच्या खुनाच्या कथित कटाबद्दल त्यांची शपथेवर जबानीही झाली होती. १८१७ साली त्यांनी या दुखण्यावर छोटी पुस्तिका काढली. तीत सहा माणसांचं वर्णन आहे. त्यातल्या तिघांना त्यांनी दवाखान्यात नव्हे, रस्त्यावर पाहिलं. एकाला तर फक्त लांबून. सहा माणसं, आणि तुलनेला कुणीही नाही! तरी निरीक्षण इतकं पक्कं की पन्नासेक वर्षांनी पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सनचंच नाव दिलं.

पण पार्किन्सननी पाहिलं ते पुढे गेलेलं दुखणं. पुढे झुकलेलं शरीर, तोल सावरत पडणारी घाईची पावलं, हे येणाऱ्याजाणाऱ्यालाही वेगळं दिसतं. तिथे तुलनेला माणूस नसला तरी चालतं. सुरुवातीचा आजार मात्र गर्दीत मिसळून गेलेला असतो. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत साधारण एकाला कंपवात असतो. उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी कितीतरी जण हळू चालतात, विसरतात, रात्री नीट झोपत नाहीत. त्या एकाला या गर्दीतून वेगळं कसं काढायचं?

इथे मेंदूत डोकवावं लागेल. मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात एक काळसर पट्टा असतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्यातल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात आणि हालचालींना वेग व आवाका देणाऱ्या केंद्रांना पुरवतात. डोपामीनचं मेंदूतलं काम स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखवलं. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने मरण पावलेल्या रुग्णांचे आणि इतरांचे मेंदू शेजारी ठेवून मोजणी केली, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचा खडखडाट आढळला. म्हणजे या आजाराच्या उपचाराचा पायासुद्धा तुलनेतूनच घातला गेला.

आता गोष्ट अशी की या काळ्या पट्ट्यातल्या पेशी तुमच्या-माझ्याही वयानुसार कमी होत असतात. मग कंपवात म्हणजे घाईने आलेलं म्हातारपणच का? बराच काळ तज्ज्ञ मंडळीही असा विचार करत. १९९१ साली लंडनचे फर्नली आणि लीस यांनी या प्रश्नाचा छडा लावला. ३६ निरोगी माणसांचे आणि कंपवात असलेल्या २० जणांचे मेंदू त्यांनी तपासले. तो पट्टा नुसता मोजला नाही, त्याचे भाग पाडून मोजला. निरोगी माणसांत दर दहा वर्षांना साधारण ४.७ टक्के पेशी कमी होत होत्या. पण कुठल्या? पट्ट्याच्या वरच्या थरात दर दशकाला ६.९ टक्के, आणि खालच्या थराच्या बाहेरच्या बाजूला फक्त २.१ टक्के. कंपवातात चित्र नेमकं उलटं. खालच्या बाहेरच्या भागातल्या ९१ टक्के पेशी गेलेल्या आणि वरच्या थरातल्या ५६ टक्के. वय ज्या भागाला जवळजवळ हात लावत नाही, तिथेच हा आजार सर्वांत आधी घुसतो. त्यांच्या हिशेबाप्रमाणे पहिलं लक्षण दिसेपर्यंत त्या भागातल्या ६८ टक्के पेशी संपलेल्या असतात.

म्हणून माझं आजचं म्हणणं असं: कंपवात हे म्हातारपणाचं पुढचं पान नाही. दोघांतला फरक कमी-जास्त असा नाही, जातीचाच आहे. आणि जातीचा फरक असेल तर तो बाहेरूनही दिसायला हवा, नुसता सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे.

तो दिसतो. माझ्या ओपीडीत त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. रुग्णाला सांगायचं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा. बोटं होतील तितकी फाका, होईल तितक्या भरभर, दहा वेळा. मग दुसऱ्या हाताने. एकदा लागोपाठ दोघे आले, दोघेही सत्तरीच्या आसपासचे. पहिले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची बोटं जाडजूड, सांधे सुजलेले, टिचकी सावकाश. पण पहिली टिचकी जेवढी मोठी तेवढीच दहावी, आणि डावा-उजवा सारखा. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची सुरुवात ड्रायव्हरसाहेबांपेक्षा झकास. उजवा हात तर लख्ख. डाव्या हाताची पहिली तीन आपटणी उत्तम, चौथ्यापासून बोटांतलं अंतर कमी व्हायला लागलं, सातव्याला मध्येच एक अडखळ, नवव्या-दहाव्याला बोटं जेमतेम विलग होत होती. बाईंना स्वतःला काही जाणवलं नाही. ‘झाली ना दहा?’ म्हणाल्या. विलंबित लयीत गाणारा गवई आणि दम सुटलेला गवई यांत जो फरक, तोच इथे. वयाने लय संथ होते. कंपवातात आवाका एकेका फेरीला ओसरत जातो, आणि तोही एका बाजूला आधी. २०१५ साली ठरलेल्या निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मंद हालचालीची व्याख्याच अशी आहे: नुसता वेग कमी असणं पुरेसं नाही, करता करता वेग किंवा आवाका घटत गेला पाहिजे.

सहीचंही तेच. म्हातारपणी अक्षर वेडंवाकडं होतं, हलतं, रेघ सोडतं. कंपवातात अक्षर बारीक होतं, आणि ओळीच्या सुरुवातीपेक्षा शेवटाला अधिक बारीक. आमच्याकडे मी ‘आज सोमवार आहे’ असलं एखादं वाक्य सलग चार वेळा लिहायला सांगतो. शिरोरेघ शेवटपर्यंत सरळ असते, पण तिच्याखालचे काने आणि वेलांट्या आखडत जातात. चालताना एक हात झुलतो आणि दुसरा अंगाला चिकटून राहतो. तोच खांदा वर्षभर आखडलेला म्हणून दाखवून झालेला असतो. खांदा आखडलेल्या प्रत्येकाला कंपवात नसतो हे उघड आहे, मधुमेहात तो सर्रास आखडतो. पण शेकूनही खांदा सुटत नसेल आणि त्याच बाजूचा हात चालताना झुलत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांनंतर आमच्याकडेही एक चक्कर मारायला हरकत नाही.

एक गंमत सांगतो. सुरुवातीच्या रुग्णाला सरळ चालायला सांगितलं तर तो बरेचदा निरोगी माणसाइतकाच चांगला चालतो, कारण डॉक्टर बघतोय म्हणून तो लक्ष देऊन चालतो. मग त्याला चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगायचं. त्र्याण्णव, शहाऐंशी... निरोगी ज्येष्ठसुद्धा इथे मंदावतात, काही तर थांबूनच हिशेब करतात. रुग्णाच्या पावलांतलं अंतर मात्र कमी-जास्त व्हायला लागतं आणि न झुलणारा हात लगेच उघडा पडतो. चालणं आपोआप व्हायचं ते आता लक्ष देऊन करावं लागतं, आणि लक्ष दुसरीकडे वळवलं की झाकलेलं बाहेर येतं.

हालचालींच्या पलीकडची लक्षणं जास्त चकवतात. बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेतलं ओरडणं, उदास वाटणं: ही यादी ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवली तर निम्मे हात वर होतील. पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. बद्धकोष्ठाचं एकट्याचं वजन अगदी थोडं, त्यासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, शेजारी झोपलेल्याला गुद्दे मारणं, हे मात्र हलक्यात घ्यायचं नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीर शिथिल असायला हवं. ते शिथिल होणं बिघडलेलं असतं. निद्रा-प्रयोगशाळेत खात्री करून घेतलेल्या अशा १२८० जणांचा पाठपुरावा २४ केंद्रांनी मिळून केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी सहा टक्क्यांहून थोडे अधिक जण कंपवाताकडे किंवा त्याच्या भावकीतल्या आजाराकडे गेले. बारा वर्षांच्या अखेरीस हा आकडा ७३.५ टक्क्यांवर पोचतो. इथे नवऱ्याच्या लाथा खाऊन पलंग वेगळा केलेल्या ज्या वहिनी बसल्या असतील, त्यांचं सांगणं आमच्या दृष्टीने रक्ताच्या रिपोर्टइतकं मोलाचं आहे.

वासाची गोष्ट मधली. फोडणी करपली तरी कळत नाही ही तक्रार वयानेही येते आणि कंपवातातही येते, पुष्कळदा थरथरीच्या कितीतरी आधी. त्यामुळे ‘वास कमी येतो’ एवढ्यावर काहीच म्हणता येत नाही. त्याच वयाच्या, त्याच घरच्या माणसापेक्षा कमी येतो का, हे पाहावं लागतं. आणि बुद्धीच्या चाचण्यांत तर आणखी घोळ. नॉर्वेत नव्याने निदान झालेल्या, औषध सुरू न केलेल्या १९६ रुग्णांची २०१ निरोगी माणसांशी तुलना केली, तेव्हा सुमारे १९ टक्के रुग्णांत बुद्धीची सौम्य घसरण आढळली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल आणि केंब्रिज इथे २१९ नव्या रुग्णांची ९९ निरोगी ज्येष्ठांशी अशीच तुलना झाली. तिथे आकडा ४२.५ टक्के निघाला. नॉर्वेजियन माणूस इंग्रजापेक्षा दुपटीने तल्लख असतो असा याचा अर्थ नाही. चाचण्या वेगळ्या, आणि निरोगी माणसांच्या सरासरीपासून किती खाली गेलं की घसरण म्हणायचं याची रेघ वेगळी. वर्तमानपत्रात ‘सुरुवातीलाच बुद्धीवर परिणाम’ असा मथळा वाचाल तेव्हा शेजारी कुणाला उभं केलं होतं आणि रेघ कुठे मारली होती, हे विचारायची सवय लावून घ्या.

आणि इथेच खरा प्रश्न येतो, जो आमच्या शास्त्रातही पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. निरोगी म्हणायचं कुणाला?

स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेची हकिगत जगभर गाजलेली आहे. पतीला कंपवाताचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्यांच्या अंगाचा वास बदलल्याचं या बाईंच्या लक्षात आलं होतं. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवलं. सहा रुग्णांनी आणि सहा निरोगी माणसांनी वापरलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. सहाही रुग्ण त्यांनी बरोबर ओळखले, पण निरोगी गटातल्या एकालाही त्यांनी रुग्ण ठरवलं. बारांत एक चूक, असं सगळ्यांनी धरलं. आठ महिन्यांनी त्या निरोगी गृहस्थालाच कंपवाताचं निदान झालं. बाई बाराच्या बारा बरोबर होत्या. चूक होती ती निरोगी गटाच्या यादीत.

हे अपवादात्मक नव्हे. ज्यांना हयातीत काहीही लक्षण नव्हतं अशा साठीपुढच्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर दहांत साधारण एकाच्या मेंदूत कंपवातात सापडतात तशा प्रथिनाच्या गुठळ्या मिळतात. २०२३ मध्ये पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात हे बिघडलेलं प्रथिन शोधणाऱ्या चाचणीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११२३ जण त्यात होते. रुग्णांपैकी जवळजवळ ८८ टक्क्यांत चाचणी होकारार्थी आली, निरोगींपैकी ९६ टक्क्यांत नकारार्थी. उरलेले चार टक्के निरोगी? ती चाचणीची चूक, की उद्याचे रुग्ण? याचं उत्तर त्या लोकांचा पुढची काही वर्षं पाठपुरावा करूनच मिळेल. आणि उलट बाजूही पाहा: लंडनमध्ये हयातीत तज्ज्ञांनी कंपवात ठरवलेल्या १०० जणांचे मेंदू तपासून १९९२ मध्ये जो अहवाल आला, त्यात ७६ जणांनाच खरोखर तो आजार होता. म्हणजे तुलनेच्या दोन्ही पारड्यांत भेसळ. पारडीच शुद्ध नाहीत तर फरक अचूक कसा निघणार?

मणक्यातल्या पाण्याची ती चाचणी ज्या उपक्रमात पारखली गेली तो अमेरिकन नट मायकेल जे. फॉक्स यांच्या प्रतिष्ठानाने २०१० मध्ये सुरू केलेला. फॉक्स यांना स्वतःला १९९१ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी निदान झालं. या उपक्रमाच्या पहिल्या गटात ४२३ नवे, औषध न घेतलेले रुग्ण आणि १९६ निरोगी माणसं होती, आणि सगळी माहिती जगातल्या कुठल्याही संशोधकाला खुली आहे. फार मोठं काम आहे, यात शंका नाही. पण निरोगी गटात यायच्या अटी पाहा: मेंदूचा कुठलाही महत्त्वाचा आजार नको, सख्ख्या नात्यात कंपवात नको, स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २६ च्या वर गुण हवेत. आणि जे आले त्यांचं सरासरी शिक्षण १५-१६ वर्षांचं, बहुतेक गोरे. हे निरोगी म्हातारे नव्हेत, हे निवडक म्हातारे झाले. त्यांच्या शेजारी उभा केला तर आपल्याकडचा सातवी शिकलेला, चष्म्याचा नंबर वाढलेला, पण ठणठणीत शेतकरीसुद्धा आजारी ठरेल.

हे मी थट्टेने म्हणत नाही. स्मरणशक्तीच्या त्या चाचणीत घनाची आकृती आणि घड्याळ काढायचं असतं. ज्या आजीने आयुष्यभर पेन्सिल हातात धरली नाही, पण सतरा ठिपक्यांची रांगोळी हातावेगळी केली, तिला घन जमला नाही म्हणून काय सिद्ध होतं? बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण जास्त द्यायची त्या चाचणीत सोय आहे; एका गुणाने शाळेची सगळी वर्षं भरून निघतात असं कुणी मानत असेल तर मानो बापडा. वासाची जगभर वापरली जाणारी ४० वासांची चाचणी फिलाडेल्फियात तयार झाली. तीत रूट बिअर आहे, जिंजरब्रेड आहे, लायलॅकचं फूल आहे, शेपूच्या पानांत मुरवलेली काकडी आहे. आपल्या माणसाला यांतलं ओळखता येत नाही ते नाक बिघडलं म्हणून नव्हे. हिंग, कापूर, मोगरा, कांदा, लवंग असले वास घेऊन आपल्यासाठी चाचण्या बेतायच्या, आणि आधी आपल्याच निरोगी माणसांवर त्या घासून पाहायच्या, असं काम आपल्या देशात झालंही आहे. ते आणखी पुष्कळ व्हायला हवं.

आपल्याच मुंबईतलं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. न्यूरॉलॉजिस्ट भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कंपवाताचं प्रमाण निघालं लाखाला ३२८. पुढे २००४ मध्ये बंगळूर परिसरातल्या मोठ्या पाहणीत आकडा आला लाखाला ३३. दहापट! पारशी समाजाला हा आजार दसपट होतो, असा निष्कर्ष कुणी घाईने काढेल. पण पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण किती जास्त आहे हे मुंबईकराला सांगायला नको. वयाचा हिशेब घातला की ही दरी बरीच बुजते, पूर्ण मात्र बुजत नाही. बुजलेला भाग वयाचा, उरलेला भाग कशाचा हे शोधण्याजोगं. तुलना करताना वय आधी वजा करायचं असतं, ते यासाठी.

जाता जाता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याकडे रोज घडते. कंपवातासारखा दिसणारा एक प्रकार औषधांनी होतो. चक्करेसाठी सिनॅरिझिन, अर्धशिशीसाठी किंवा चक्करेसाठी फ्लुनॅरिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, आणि ॲसिडिटीच्या गोळीत जोडीने येणारं लेव्होसल्पिराइड. यांतलं शेवटचं तर अनेक घरांत वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी चालू असतं आणि ते कुणाला औषध वाटतच नाही. ही सगळी डोपामीनच्या वाटेत आडवी येतात. ज्येष्ठ माणूस मंदावतो, चेहरा निर्विकार होतो, बहुधा दोन्ही बाजू सारख्याच आखडतात. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत सुटतं. नावं लिहून घ्या, पण गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरला पाकीट दाखवा. मी तर रुग्णाला ‘कुठल्या गोळ्या घेता’ असं विचारतच नाही. पिशवी आणा म्हणतो.

मग एवढं लवकर ओळखून करायचं काय, असं तुमच्यातलं कुणीतरी मनात म्हणत असेल. प्रश्न रास्त आहे. आजाराची चाल निश्चितपणे रोखणारं औषध आज हातात नाही. जे आहे ते लक्षणं आटोक्यात ठेवतं, आणि त्यात सर्वांत उत्तम म्हणजे लेव्होडोपा. १९३७ साली आपल्याच देशात दामोदरन आणि रामस्वामी यांनी हे द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं. रुग्णांना मोठ्या मात्रेत ते यशस्वीपणे द्यायला १९६७ साल आणि न्यूयॉर्कचे कोट्झियास यावे लागले. (म्हणून घरी खाजकुइलीचं बी कुटून खाऊ नये. त्यातली मात्रा मोजता येत नाही.) गोळी लवकर सुरू केली तर लवकर निकामी होते, ही भीती आपल्याकडे फार. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांची विभागणी करून अर्ध्यांना लगेच आणि अर्ध्यांना ४० आठवड्यांनी गोळी दिली. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखे. लवकर दिल्याने आजार थांबला नाही आणि काही बिघडलंही नाही. म्हणजे त्रास होत असेल तर कुढत बसायचं कारण नाही. आणि व्यायाम: अमेरिकेत १२८ नव्या रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून साधारण तीन-चार वेळा ट्रेडमिलवर चांगला घाम काढणारा व्यायाम करणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ तिथेच राहिली, न करणाऱ्यांची वाढली. लवकर कळण्याचा आज रोख मिळणारा फायदा हा आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतही स्वमदत गट आहेत. तिथे जाऊन बसा, औषधाच्या चिठ्ठीत न मावणारं पुष्कळ काही मिळतं.

शेवटी मागणं. कंपवाताच्या अभ्यासाला रुग्ण मिळतात, त्यांना गरज असते. टंचाई आहे ती निरोगी माणसांची. संशोधक मग सोयीने रुग्णासोबत आलेल्या बायकोला किंवा नवऱ्यालाच निरोगी गटात बसवतात. पुरुषांत हा आजार जास्त असल्याने त्या गटात बायकांची गर्दी होते आणि तुलना तिथेच लंगडी पडते. नाहीतर सकाळी टेकडी चढणारी मंडळी हौसेने येतात. तुम्हीही व्याख्यानाला उठून आलात, तीन रांगा चढून बसलात, म्हणजे नमुना म्हणून जरा जास्तच ठणठणीत आहात. तरी या. आणि येताना शेजारच्या त्या काकूंना आणा ज्या घराबाहेर पडत नाहीत, गावाकडच्या चुलत्यांना आणा ज्यांनी शाळा अर्धवट सोडली. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत अशा अभ्यासासाठी निरोगी ज्येष्ठ हवेत असं कळलं, की नाव द्या. नैतिक समितीची परवानगी आहे का, हे आधी विचारा. तो तुमचा हक्क आहे. संमतिपत्र मराठीत मागा आणि पूर्ण वाचून मगच सही करा. तपासणीच्या दिवशी चष्मा आणि गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तर पुन्हा जा.